एकगठ्ठा

जनरेटर बंद पडला आणि यूपीएस ओरडू लागला. देवयानीने रक्तपेढीचा कंटेनर, म्हणजे दात्यांच्या नोंदींसकट अख्खा प्रोग्रॅम, थांबवून नाशिकच्या सर्व्हरवर पाठवायला घेतला.

“सुट्या फायली असत्या, तर निदान अर्ध्या तरी पोचल्या असत्या,” खांबेटे सर म्हणाले. “तुला सगळं एकाच इमेजमध्ये, एकाच मोठ्या फायलीत हवं होतं. आता ती मध्येच तुटली, तर हाती भोपळा.”

“सुट्या लाखभर फायलींना रात्र झाली असती, सर. ही एकगठ्ठा जाते. आणि जाणार.”

हॉस्पिटलचा फोन आला. ऑपरेशनच्या टेबलावर बाळंतीण होती, दुर्मिळ गटाचा दाता हवा होता. “दहा मिनिटांत शोधून देते,” देवयानी म्हणाली. मॉनिटर, नेटवर्क आणि दोन्ही सर्व्हर सोडून तिने बाकी सगळं बंद केलं. तरी बॅटरी पुरेलसं दिसेना.

सर उठले. शेजारच्या सर्व्हरवर त्यांचं आठवडाभर चाललेलं गणित संपत आलं होतं. त्यांनी त्याचीच वायर उपटली.

फाइल पोचली, आणि खोलीतलं सगळं विझलं. नाशिकला कंटेनर सुरू झाला. देवयानीने मोबाइलवरून तिथे दाता शोधला आणि त्याचा नंबर हॉस्पिटलला कळवला.

“पुढच्या मीटिंगलाही मी सुट्या फायलींचीच बाजू घेणार,” सर गुरगुरले.

“घ्या ना,” ती म्हणाली.

त्यांच्या मुठीतली वायर अजून सुटली नव्हती.