सुनेची खरेदी

"बाही मनगटापर्यंत पाहिजे, पावणं," विठाबाई म्हणाल्या. "ह्यो अर्ध्या बाहीचा ठेवा आत."

महाद्वार रोडवरच्या त्या दुकानात सेल लागला होता. बायका ढिगातून ड्रेस उपसत होत्या. दुकानदार घामाघूम झाला होता.

"मावशी, ह्या उन्हात लांब बाही कोण घालतंय? आखूड बाहीचे निम्म्या किमतीत सोडलेत. त्यातला घ्या की."

"स्वस्त हाय म्हणून काय बी घ्यायचं व्हय? उद्या हिच्या भावाचा साखरपुडा हाय गडहिंग्लजला. चार माणसांत सून शोभाय पाहिजे. बंद गळा, लांब बाही. दावा."

सून शेजारीच उभी होती. क्रांती तिचं नाव. उन्हाचा स्कार्फ तिनं तोंडाला तसाच गुंडाळलेला होता. सकाळच्या एसटीनं दोघी कागलहून आल्या होत्या.

खरेदीत विठाबाईंचा हात कुणी धरू शकत नसे. गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की त्यांना आधी आवतण यायचं, ते जेवायला नव्हे तर बस्त्याला. कापड चिमटीत धरलं की रंग जाणार की राहणार ते त्या सांगत. आज मात्र सगळी खरेदी सुनेची होती. स्वतःसाठी त्यांनी साधा रुमालसुद्धा घेतला नव्हता.

ढिगाच्या तळातून त्यांनी एक जांभळा ड्रेस ओढून काढला. लांब बाह्या, कॉलरचा गळा. खालच्या काठाला एक धागा निघाला होता. त्यांनी तो धागा दुकानदाराच्या डोळ्यांसमोर धरला आणि सेलच्या भावातून आणखी पैसे कमी करून घेतले.

"घरी गेल्यावर मी टाका घालते," त्या क्रांतीला म्हणाल्या. "आवडला न्हवं?"

"तुम्ही म्हणाल ते, आई."

मागे एक तरुण बाई आपल्या सासूबरोबर उभी होती. ती मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बघा आत्या, सासू कशी असती!"

"सून बी बघ की," तिची सासू म्हणाली. "तोंडातनं शब्द न्हाय बिचारीच्या."

विठाबाई खूश झाल्या. "लेक न्हाय मला," त्या वळून म्हणाल्या. "हीच माझी लेक."

बाहेर एका गाडीवर त्यांनी सोनेरी मुलाम्याचं रुंद कडं निवडलं. नाजूक बांगड्या क्रांतीनं उचलून पाहिल्या होत्या, त्या त्यांनी परत ठेवायला लावल्या. "ते वाजतंय नुसतं. हे भरघोस दिसतंय." कडं चढवताना क्रांतीनं ओठ आवळले.

"घट्ट होतंय?"

"न्हाय. बसलं."

मग रस झाला. "पोरीच्या गलासात बर्फ नको," विठाबाईंनी बजावलं, "दाढ दुखतीय तिची." क्रांतीनं वळून, स्कार्फ थोडासा खाली ओढून रस संपवला. गर्दीत रस्ता ओलांडताना विठाबाईंनी तिचं कोपर घट्ट धरलं होतं.

शेवटी मेकअपच्या सामानाचं दुकान. काउंटरवर अनुजा नावाची चुणचुणीत पोरगी होती.

"फाउंडेशन दाव," विठाबाई म्हणाल्या. "उद्या हिच्या भावाचा साखरपुडा हाय. दाट पाहिजे. घाम आला तरी उतरता कामा न्हाय."

"काकी, तुम्हाला बरंच कळतं की!"

"मोबाइलवर बघतीय. आणि लई भारीतलं काढू नको."

अनुजानं महागाची बाटली बाजूला सारली आणि खालच्या कप्प्यातली एक ट्यूब काढली. "हे घ्या. नाव कुणाला म्हाईत न्हाय, पण भारीतल्याच्या तोंडात मारंल. पण रंग जुळवून बघाय लागंल. ताई, स्कार्फ काढा."

"तिच्या हातावर लाव की," विठाबाई म्हणाल्या.

"हाताचा रंग वेगळा असतो काकी. उद्या फोटोत तोंड पांढरं आणि मान काळी दिसली, तर तुम्हीच मला शिव्या घालणार."

फोटोचं विठाबाईंना पटलं. तरी त्या क्षणभर घुटमळल्या. तेवढ्यात गल्ल्यावरचा मालक कुणाला तरी म्हणाला, "दोन घेतल्यावर एक फुकट." विठाबाईंनी कान टवकारले.

"जरा जरा लाव," असं म्हणून त्या गल्ल्याकडे गेल्या. "काय वं, एक घेतल्यावर काय सोडणार ते बोला!"

अनुजानं क्रांतीला आरशापुढच्या स्टुलावर बसवलं. स्कार्फ सोडला. खाली पावडरचा जाड थर होता. "एवढी पावडर असल्यावर रंग कसा कळायचा?" असं पुटपुटत तिनं ओला कापूस गालावरून फिरवला.

पुन्हा फिरवला. मग तिचा हात थांबला.

गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत कातडी काळीनिळी होती. कडेनं पिवळी पडत चालली होती. क्रांतीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

अनुजानं नवी ट्यूब उघडली. काय करावं ते तिला सुचेना, म्हणून ती अलगद बोटानं फाउंडेशन लावू लागली. डाग खरंच झाकला जात होता. गल्ल्याकडून विठाबाईंचं हसणं ऐकू आलं. मालकही हसत होता. "मावशी, तुमच्यापुढं हात टेकले!"

"नवरा मारतोय व्हय?" अनुजानं अगदी हळू विचारलं.

क्रांतीनं सोडलेला स्कार्फ मांडीवर ओढून घेतला.

"उद्या माहेरला चाललीयास न्हवं? भावाला सांग की."

"त्याचा साखरपुडा हाय."

"मग काय झालं?" अनुजा आणखी वाकली. "हे बघ, भिऊ नको. तुझी सासू देवमाणूस हाय. मी घालू का त्यांच्या कानावर? लेकाला चांगला दम भरतील त्या."

ती उठायला लागली, तसं क्रांतीनं तिचं मनगट गच्च पकडलं.

"ते फौजेत हायत," ती म्हणाली. "दिवाळीपासनं घरला आल्यालं न्हाईत. घरात आम्ही दोघीच असतोय."