पायलटकाकांना पत्ता सांगताना

“काका, पूल उतरलात ना? मग डावीकडे घ्या.”

“घेतलं. पुढे?”

“मी लोकेशन पाठवलंय की.”

“ते राहू दे. तू सांग.”

योगराज वैतागला. आबांना जाऊन दहा दिवस झाले होते आणि एकाहत्तरच्या लढाईतले त्यांच्या विमानाचे पायलट, वीरचक्र मिळालेले राजाध्यक्षकाका, पहिल्यांदाच सुरतेला, डिंडोलीतल्या घरी येत होते.

आतून आई म्हणाली, “इमानं उडवली ना यांनी? मग डिंडोली कशी सापडेना?”

सांगता सांगता योगराज गॅलरीत आला. खाली गेटपाशीच रिक्षा उभी होती. रिक्षावाला चहाला गेला होता. काका आत डोळे मिटून, फोन कानाला घट्ट लावून बसले होते.

“काका, तुम्ही तर पोचलात!”

“केव्हाच. बॉम्बरमध्ये सुकदेव, तुझा आबा, पुढे पालथा पडून मला वाट सांगायचा. तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. तुझा थेट तोच आहे रे.”

काकांना आपण दिसू नये म्हणून योगराज कठड्यापासून मागे सरला.

“आता उजवीकडे, काका,” तो म्हणाला. “हं. सरळ. सरळच ठेवा.”