ओल्या हाताची मूठ

तलासरीच्या आठवडे बाजारात अमृत लोहार सुऱ्या मांडून बसला होता. गिऱ्हाईक आधी धार बघतं, पण आज आलेल्या अनोळखी माणसाने पात्याकडे पाहिलंही नाही. तो एकेक मूठ आवळून बघत होता. प्लास्टिकची चकचकीत मूठ त्याने बाजूला सारली, मग बाटलीतलं पाणी हातावर ओतून खैराची मूठ धरली.

"हात ओला झाला तरी घसरायला नको, काका."

"नाही घसरणार. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय. झाईचे मच्छीवाले हीच नेतात. तुमचाही मासळीचा धंदा का?"

"नाही. एकाच कामाला हवीय."

अमृतने सुरी कागदात गुंडाळून दिली.

"वेवजीच्या शाळेतली दक्षा मास्तरीण कुठे राहते?" माणसाने सहज विचारलं. "माझ्या भावाला नाही म्हणाली ती."

"तिची बदली झाली," अमृत शांतपणे म्हणाला. "चिखल्याला शोधा."

माणूस गर्दीत दिसेनासा होताच अमृत सगळा माल तसाच टाकून वेवजीच्या रिक्षात बसला. दक्षा त्याची मुलगी होती, आणि हे खोटं फार तर संध्याकाळपर्यंत टिकणार होतं.