इंदूबाईनं भरवलेला केक

प्रियदर्शनीच्या कपाळावर मेकअप फोडून घाम आला, तशी खाली पहिल्या रांगेत बसलेल्या इंदूबाईच्या काळजात धस्स झालं. पंखा तर नवरीच्या तोंडासमोरच होता. हा घाम गर्मीचा नव्हता. पोरीची शुगर उतरत होती.

चूक इंदूबाईचीच होती. प्रियदर्शनीला लहानपणापासून शुगर. जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचं अन् लगेच जेवायचं, हे दोघी मायलेकींना पाठ. पण परतवाड्याहून वरात यायच्या आत ते उरकून टाकलं, म्हणजे सासरच्या कोणाच्या नजरेला सुई पडणार नाही, असा विचार इंदूबाईनं केला.

"आधी ताट तर येऊ दे, आई," पोरगी म्हणाली होती.

"येते वं ताट! आता खोलीत कोणी नाही, घेऊन टाक पटकन."

असं म्हणून इंदूबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. मग वरात अमरावतीत पोचली खरी, पण सभागृहाच्या फाटकाशी नाचतच बसली. वऱ्हाडातली वरात ती! डीजे बंद करायची कोणाची हिंमत? अन् नाच थांबला तशी घाईघाईत नवरीला थेट मंचावर नेलं. ताट खोलीत झाकलेलंच राहिलं.

लपवायला कारण होतं. आधी अकोल्याचे पाहुणे आले होते, त्यांना तिनं सगळं खरं सांगितलं. त्यांनी चहा अर्धाच टाकला अन् उठले ते उठलेच. प्रियदर्शनीचे वडील मोतीराम हयात असते तर बायकोला धीर दिला असता. एकट्या बाईनं मनाशी गाठ मारली, आता तोंड उघडायचं नाही. संघपालचं स्थळ आलं तेव्हा तिनं ते उघडलं नाही. मुलगा मास्तर, माणसं समजूतदार. असं घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

बौद्धाचार्यांनी पंचशील सुरू केलं. सारं सभागृह हात जोडून एका सुरात म्हणू लागलं. खोटं न बोलण्याचं शील आलं, अन् इंदूबाईची जीभ टाळूला चिकटली. वर पोरीचे जोडलेले हात लटलट कापत होते.

हार पडले, टाळ्या झाल्या. फोटोवाला नातेवाइकांची रांग लावू लागला. मंचाच्या कडेला केक ठेवलेला होता, तीन मजली, पांढराशुभ्र. विहीणबाईंनी, म्हणजे बेबीताईंनी, तो परतवाड्याहून गाडीत जपून आणला होता. तो पाहून इंदूबाईच्या जिवात जीव आला. शुगर उतरली की गोड द्यायचं, हे डॉक्टरांनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. अन् आईनं लेकीला केक भरवला, त्यात कोण काय म्हणणार?

"आधी केक कापा!" म्हणत ती मंचावर चढली. सुरी येईपर्यंतही थांबली नाही. हातानंच केकचा मोठा तुकडा तोडला अन् पोरीच्या तोंडात कोंबला. लोक हसले. "मायची माया आहे बापा!" कोणीतरी म्हणालं. इंदूबाईनं दुसरा घास भरवला, मग तिसरा. पोरगी कसंबसं गिळत होती. पण तिची नजर काही जागेवर येईना. ओठ पांढरे पडले, अन् ती संघपालच्या खांद्यावर कलंडली.

आता इंदूबाईचं अवसान गळालं. मोडतं लग्न तर मोडो! बौद्धाचार्यांच्या हातातला माईक तिनं ओढून घेतला.

"माह्या पोरीले शुगर हाये! लहानपणापासून हाये! इंजेक्शन घेतलं अन् जेवली नाही थे. मरून जाईन माही पोरगी, काही तरी करा वो कोणी!"

संघपालनं प्रियदर्शनीला आपल्या आईजवळ टेकवून मंचावरून उडीच मारली, अन् स्वयंपाक चालला होता तिथून साखरेचं घट्ट पाणी घेऊन आला. बेबीताईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं अन् थोडं थोडं करून पाजलं. हळूहळू पोरीच्या ओठांवर रंग चढला. तिनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं, अन् पाण्याचा ग्लास स्वतः हातात धरला.

इंदूबाई विहिणीच्या पायाशी बसली. तिला रडू आवरेना.

"फसवलं मी तुमाले. काय शिव्या द्याच्या थ्या मले द्या, पण पोरीले टाकू नका." तिनं पदरानं नाक पुसलं. "पण एक समजून नाही राहिलं मले. एवढा केक चारला, तरी पोरीची शुगर उतरतच काहून गेली?"

बेबीताईंनी तिचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

"त्यात साखर नाही वो, इंदूताई. पोरीनं पहिल्याच दिवशी संघपालले सारं सांगतलं होतं, म्हणून बिनसाखरेचा करून आणला. तुमी लपवून राहिल्या होत्या, तं तुमाले वाईट वाटू नाही म्हणून आमीबी गप्प बसलो."