गाळलेला प्रश्न

आईचा निरोप ऐकला की केतकीचं डोकं फिरायचं. "विहिरीची मोटर जळाली, नवीन बसवली. संपला निरोप. लेक मंगळावर येऊन राहिली आहे, ती जेवली का, एवढंही विचारवत नाही हिला," ती चिडून म्हणायची. मग तीही कामापुरतंच कळवायची.

शेवटी वसाहतीत यंत्रं दुरुस्त करणाऱ्या इर्शादने तिचं निरोपांचं यंत्र तपासलं. निरोप मागायला यंत्र पृथ्वीकडे जी रिक्वेस्ट पाठवायचं, तिचा हेडर, म्हणजे सोबत जाणाऱ्या सूचना, त्याने उघडून दाखवला.

"हे बघ. कॉम्प्रेस केलेलं, म्हणजे काटछाट करून लहान केलेलं चालेल, असं तूच सांगतेस. मग तिकडचा सर्व्हर रोज येणारं तेच तेच वाक्य गाळून टाकतो."

केतकीला आठवलं. निरोप लवकर यावेत म्हणून इथे आल्या आल्या तिनेच तसं ठरवून दिलं होतं.

तिने हेडर बदलला, काहीही गाळू नका म्हणून सांगितलं, आणि पहिल्या वर्षाचे निरोप पुन्हा मागवले. प्रत्येकाची सुरुवात एकच होती. "जेवलीस का गं? काय केलं होतंस?" एवढं विचारून आई जरा वेळ गप्प राहायची, जणू उत्तर आत्ताच येणार आहे. मग मोटर, मग पाणी, मग बाकीचं.

केतकीने डोळे पुसले आणि कालचा निरोपही तसाच, पूर्ण मागवला.

"मोटर परत बिघडली आहे. माणूस उद्या येतो म्हणालाय."

तिने हेडर पुन्हा तपासला. तो बरोबर होता. आईच्या बोलण्यात आता गाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.