ओबेदचा एकच प्रश्न

ओबेदच्या पत्राला वर्षभर मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही क्वेकर पंथाचे, कधीच खोटं बोलत नाही. म्हणून न्यायाधीशांनी विचारताच ओबेदने कबूल केलं, की गुलामीतून पळून, गुलामी नसलेल्या कॅनडाला निघालेल्या केझायाला आणि तिच्या लेकीला त्यानेच घरात लपवलं होतं. तो तुरुंगात गेला. तिथून त्याने लिहिलं, “मास्तर, इथला पाव आमच्या हिच्या पावापेक्षा मऊ असतो, तिला सांगू नकोस! एवढंच कळव, दोघी कॅनडाला पोचल्या का रे?”

बोटीत चढतानाच त्या पकडल्या गेल्या होत्या. ते लिहायचा धीर मला झाला नाही.

काल त्याची बायको आली. “भाऊजी, तुरुंगात ते तापाने फणफणलेत. हा आठवडा निघणं कठीण, म्हणतात डॉक्टर. सारखं तेच विचारताहेत.”



आज मी पत्र टपालात टाकलं : “मित्रा, दोघी सुखरूप पोचल्या.”