रविवारच्या खुर्च्या

शिवणकारखान्याच्या दारात चपलांचा ढीग होता. आत पांढरं कापड पसरलेलं, म्हणून सगळ्यांनी बाहेरच काढलेल्या. चर्चच्या पाळकाच्या बायकोनं आपल्या चपला भिंतीला नीट टेकवून ठेवल्या आणि लेकीला, चिमीला कडेवर सावरत ती आत शिरली.

नवऱ्यानं तिला नुसतं बघून यायला सांगितलं होतं. तिनं मात्र जिना चढताना वाक्य घोटून ठेवलं होतं: साथ गेली, चर्च उघडलं, आता ही गुरुवारची प्रार्थना बंद करा.

मशिनं भिंतीकडे सरकवून माणसं गोल बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर शाळेच्या गणवेशाचा शर्ट. साथीच्या दिवसांत इथं मास्क शिवता शिवता प्रार्थना सुरू झाली, ती आता बटणं लावता लावता चालली होती.

"या, पाळकीणबाई," कारखाना चालवणारी शिंपीणताई म्हणाली. "फक्त इथं डोळे मिटू नका हं. सुई बोटात जाते."

सगळे हसले. चर्चमध्ये असं हसणं तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

खिडकीशी ऑर्गनवाले आजोबा बसले होते. चर्चच्या चार पायऱ्या चढवत नाहीत, असा त्यांचा निरोप होता. हा तर तिसरा मजला.

"आजोबा, गुडघे काय म्हणतात?"

"दुखतात की." आजोबांनी दोरा दातानं तोडला. "पण नाही आलो तर ही सगळी फौज माझ्या घरी येऊन बसते. चहा कोण करणार एवढ्यांना?"

तेवढ्यात चिमी कडेवरून घसरली. चर्चमध्ये आईची ओढणी न सोडणारी ती पोर सरळ शिंपीणताईच्या मांडीत जाऊन बसली आणि तिनं बटणांच्या डब्यात हात घातला.

"गिळेल ती."

"नाही गिळत. माझं लक्ष आहे." शिंपीणताईनं हे अशा सुरात म्हटलं, जणू पोर तिचीच. "बरं झालं आलात. एक मागायचं होतं. माणसं वाढलीत, सगळ्यांना बसायला नाही. चर्चमधल्या थोड्या खुर्च्या मिळतील? पडूनच असतात ना?"

घोटलेलं वाक्य जिभेवर आलं. बाहेर पडलं ते भलतंच.

"रविवारी लागतात."

रविवारी निम्म्या रिकाम्याच असतात हे ठाऊक असूनही कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"सरका जरा, बाईंना जागा द्या," आजोबा म्हणाले आणि त्यांनी एक शर्ट पुढे केला.

"निघते मी. घरी कामं पडलीत."

तिनं चिमीला उचललं. चिमीनं मूठ उघडली नाही.

दारात तिच्या चपला दिसेनात. ती आत असताना मागून माणसं येतच होती. ढीग भिंतीपर्यंत पसरला होता. चिमीला खाली ठेवून ती ओणवी झाली आणि लोकांच्या चपला एकेक करून बाजूला सारू लागली.

एक चप्पल सापडली. दुसरी शोधताना तिच्या लक्षात आलं, चिमी शेजारी नाही.

आतून पुन्हा हसणं ऐकू आलं.